पुढचं गाणं कोणासाठी?

लग्नघरात डीजे ठरवताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. साऊंड किती आणणार, आणि लाइट कुठले लावणार? बेस किती, टॉप किती, शार्पी किती, धुराचं मशीन मिळेल का, यावर घासाघीस होते आणि भाव ठरतो. ‘आमच्याकडे कोण कोण येणार आहे ते सांगून ठेवू का?’ असं मात्र फारसं कोणी विचारत नाही. जाणता डीजे मग स्वतःच विचारतो. मुलीकडचे कुठले, मुलाकडचे कुठले, कॉलेजचे मित्र किती, आजी-आजोबा बसणार की लवकर जेवून निघणार, हळद आहे की संगीत, लॉन आहे की बंद हॉल?

गाणी आज सगळ्यांकडेच आहेत. कोणाच्याही मोबाइलमध्ये लाखो गाण्यांचा साठा बोटाच्या अंतरावर असतो, आणि घरच्या वाढदिवसाला पुतण्याने लावलेली प्लेलिस्ट पुरते. तरीही दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला डीजे लागतो, कारण प्लेलिस्टला समोरचं काही दिसत नाही. डीजेला दिसतं. चालू गाणं संपायच्या आत दोनशे अनोळखी माणसांकडे बघून पुढचं गाणं ठरवायचं, हे त्याचं काम. त्या क्षणी ‘सगळ्यात भारी गाणं कोणतं?’ हा प्रश्न त्याच्या उपयोगाचा नसतो. आता पाळी कोणाची, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

नाचणाऱ्यांकडे बघून लागलेला शोध

गर्दीकडे बघत गाणी जुळवण्याची ही कला आजच्या रूपात घडली ती प्रामुख्याने न्यूयॉर्कमध्ये, १९७०च्या आसपासच्या काही वर्षांत. त्याआधीही पार्ट्यांमध्ये रेकॉर्डी वाजत. पण एक रेकॉर्ड संपली की दुसरी लागेपर्यंत खंड पडायचा, आणि त्या खंडात माणसं टेबलांकडे परतायची. एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘सँक्चुअरी’ नावाचा क्लब होता. तिथे फ्रान्सिस ग्रासो या डीजेने दोन टर्नटेबल शेजारी ठेवून एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्याला जुळवायचा, आणि पहिलं गाणं संपायच्या आतच दुसरं त्यात मिसळायचं, ही पद्धत पक्की केली. फिरत्या तबकडीवर फेल्टचा तुकडा, त्यावर हाताने थोपवून धरलेली रेकॉर्ड, आणि नेमक्या ठोक्यावर हात सोडायचा. पाय थांबायला निमित्त मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

त्याच शहरात, ब्रॉन्क्स भागातल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ होता. क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच पुढे जगभर गाजलेला डीजे कूल हर्क. मूळचा जमैकाचा. अशा पार्ट्यांमध्ये नाचणाऱ्यांकडे बघता बघता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तयारीची पोरं सगळं गाणं नाचत नव्हती. गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि ड्रम व तालवाद्यंच काही सेकंद वाजतात, त्या तुकड्याची ती वाट बघत होती. तो आला की मैदानात उतरायची, तो संपला की बाजूला व्हायची. हर्कने मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एका प्रतीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच पहिल्यापासून लावायचा, तोवर पहिली मागे फिरवून तयार ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा कित्येक मिनिटं चालू राहिला. पुढे हिपहॉप म्हणून जे संगीत जगभर पसरलं, त्याची मुळं या युक्तीत आहेत. हर्कला ती सुचली, कारण रेकॉर्डीपेक्षा त्याचं लक्ष पायांकडे अधिक होतं.

यंत्रं मागाहून सुधारत गेली. जपानी ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हा टर्नटेबल १९७२मध्ये आला. त्याची मोटर तबकडीला थेट जोडलेली, त्यामुळे हात लावून थांबवला तरी क्षणात पुन्हा वेग पकडायचा. १९७९च्या आवृत्तीत वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी आली आणि डीजेंनी तो डोक्यावर घेतला. २००१मध्ये ‘पायोनियर’ने सीडी टर्नटेबलसारखी हाताळता येईल असा सीडीजे-१००० आणला. आज आपल्याकडच्या बहुतेक मांडवांत लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कन्सोल दिसतो. ठोके जुळवून द्यायला त्यात ‘सिंक’चं बटण असतं. ग्रासोला जे हाताने साधावं लागत होतं ते या बटणाने होतं. हर्कने जे डोळ्यांनी केलं, त्याला अजून बटण आलेलं नाही.

फ्लोअर वाचायचा, म्हणजे बघायचं काय?

पंगतीत वाढणारा मुरलेला माणूस सरसकट वाढत जात नाही. कोणाच्या पानात काय संपलंय आणि कोण नको म्हणतंय पण हात आडवा घालत नाही, हे तो चालता चालता टिपतो. डीजेची नजर तशीच फिरत असते. सगळ्यात जास्त ती फिरते ती काठावर.

नवख्या डीजेचं लक्ष मधोमध बेभान नाचणाऱ्या आठ-दहा जणांकडे जातं. त्यांच्याकडे बघून वाटतं, काय रंग भरलाय! पण ते कोणत्याही गाण्यावर नाचणारच. खरी बातमी कडेला उभ्या असलेल्यांकडे असते. खुर्चीत बसल्या बसल्या कोणाचा पाय ठेका धरतोय? हातात प्लेट असून कोणाचे खांदे हलतायत? गाण्याचे शब्द कोणाच्या ओठांवर आहेत? ही माणसं एका गाण्याच्या अंतरावर उभी असतात. बरोबर गाणं लागलं की पुढच्या मिनिटाला आत, नाहीतर जेवणाच्या रांगेत.

उलट खुणाही असतात. मंडळी नाचत असतात, पण एकमेकांकडे न बघता मोबाइलकडे बघू लागतात. टाळ्या ठोक्याच्या मागे पडतात. गोल मोठा होत जातो आणि मध्ये मोकळी जागा दिसू लागते. एखादी मैत्रीण दुसरीच्या कानात काहीतरी सांगते आणि दोघी निघतात. एक जोडी गेली तर पाणी प्यायला गेली असेल. पाठोपाठ तीन जोड्या गेल्या, तर गाणं चुकलंय किंवा लांबलंय. फ्लोअर एकदम रिकामा होत नाही, तो काठाकडून विरळ होत येतो. मधल्यांना ते कळतही नाही. डीजेला कळावं लागतं, आणि तेही पुढचं गाणं तयार करायला मिनिटभर हाताशी असताना.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत लोक फ्लोअरवर यायचा एक ओळखीचा क्रम दिसतो. आधी लहान मुलं येतात, त्यांना गाण्याशी देणंघेणं नसतं. मग मुलांच्या मागून आया, मावश्या, आत्या. मुलीच्या मैत्रिणी घोळका करून येतात. पुरुष मंडळी बराच वेळ हाताची घडी घालून उभी. कोणीतरी मामाला ओढून आणलं की मग मात्र त्यांना आवरावं लागतं. म्हणून सुरुवातीची गाणी डीजे बायकांकडे बघून लावतो. त्या आल्या की फ्लोअर घरचा होतो, आणि घरच्या फ्लोअरवर बाकीच्यांना लाज वाटत नाही. पहिल्याच गाण्याला क्लबमधला कडक इंग्रजी ट्रॅक लावला, तर मित्रांचं एक कोंडाळं तेवढं नाचतं. बाकीचे प्रेक्षक होतात, आणि एकदा प्रेक्षक झालेल्या माणसाला उठवणं फार जड.

माणसं कुठली, हेही महत्त्वाचं. रायगड-ठाणे पट्ट्यात आगरी-कोळी हळदीला पूर्वापार धवलारीण धवळे, म्हणजे लग्नगीतं, गाते, आणि रात्री त्याच मांडवात डीजेवर कोळीगीतं गाजतात. तिथे हळदीला पाहुणे नाचायच्या तयारीनेच येतात. त्यांना आर्जवं करावी लागत नाहीत, त्यांची ताकद टिकवावी लागते. खानदेशातल्या लग्नात अहिराणी गाणं लागलं नाही तर पाहुणे रुसतील. पुण्यातल्या संगीतात एका बाजूला मराठी घर आणि दुसऱ्या बाजूला पंजाबी किंवा मारवाडी घर असेल, तर हिशेब आणखी नाजूक. एका घराची सलग चार गाणी लागली की दुसरं घर खुर्चीत मागे रेलतं. अशा वेळी दोन्ही घरांना सामाईक गाणी कामाला येतात. ‘जत्रा’तलं ‘कोंबडी पळाली’ आणि ‘अग्निपथ’मधलं ‘चिकनी चमेली’ या दोन्हींची चाल अजय-अतुल यांची, आणि एकच. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ २०१६मध्ये मराठीत गाजलं, आणि दोन वर्षांनी ‘धडक’मधून हिंदीत आलं. मराठी मुखड्यावर अर्धा हॉल उठवायचा, हिंदी अंतऱ्यावर उरलेला अर्धा ओढायचा, आणि चाल न सोडता दोन्ही घरं एका गोलात आणायची.

बत्तीस ठोक्यांची मुदत

आता हात कसे चालतात ते पाहू. नाचाची बहुतेक गाणी चार ठोक्यांच्या आवर्तनात बांधलेली असतात. अशी आठ आवर्तनं मिळून बत्तीस ठोक्यांचा एक टप्पा होतो. गाण्यात नवं काही घडायचं असेल, गायक येणार असेल, ढोल वाढणार असेल किंवा सगळं थांबणार असेल, तर ते सहसा अशा टप्प्याच्या तोंडावर घडतं. नाचणाऱ्याने हे कधी मोजलेलं नसतं, पण त्याच्या अंगाला ते माहीत असतं. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या गाण्यात हा टप्पा पंधरा सेकंदांहून किंचित मोठा असतो. नवं गाणं टप्प्याच्या सुरुवातीला आलं तर बदल सहज वाटतो. मध्येच आलं तर कोणाला कारण सांगता येत नाही, पण पाय अडखळतात.

डीजेचा हेडफोन बहुधा एकाच कानाला असतो, तो यासाठी. एका कानाला हॉलमध्ये वाजणारं गाणं, दुसऱ्याला अजून कोणी न ऐकलेलं पुढचं गाणं. दोन्हींचे ठोके एकमेकांवर बसेपर्यंत तो वेग सरकवतो. एक गाणं १२५चं आणि दुसरं १२६चं असेल, तर फरक नगण्य वाटतो. पण अर्ध्या मिनिटात दोन्ही गाणी अर्ध्या ठोक्याने सुटतात आणि प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. जुन्या टर्नटेबलवर वेग वाढवला की सूरही चढायचा, सहा टक्के वेगाला जवळपास सा ते कोमल रे इतका. आता सूर जागच्या जागी ठेवून वेग बदलता येतो.

मग येतो खालचा आवाज. दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी वाजले की नुसता गदारोळ होतो. त्यामुळे नवं गाणं आधी बेस कापूनच आत येतं. वरची टिकटिक, टाळी, एखादी धून तेवढी ऐकू येते. टप्पा संपताना डीजे एका हाताने जुन्याचा बेस काढतो आणि दुसऱ्याने नव्याचा सोडतो. लोकांना वाटतं, गाणं बदललंच नाही, नुसती मजा वाढली.

हे सगळं क्लबच्या संगीताला सोपं. हाउस संगीत साधारण १२० ते १३० ठोक्यांच्या पट्ट्यात राहतं, आणि गाण्याच्या तोंडाला व शेवटाला नुसता ठेका ठेवलेला असतो, मिसळायला सोयीचा. आपली चित्रपटगीतं त्यासाठी बनलेली नाहीत. जुनी गाणी वादकांच्या ताफ्याने एकत्र बसून वाजवलेली, त्यामुळे वेग जिवंत असतो. कडव्यात किंचित घाई, मुखड्याला किंचित सैल. संगणकाने आखलेली ठोक्यांची जाळी त्यावर बसत नाही, ‘सिंक’ फसतं आणि हाताने सांभाळावं लागतं. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यावर चालतात. चार मात्रांच्या सरळ ठोक्यातून त्यात मिसळत जाणं जवळपास अशक्य. तिथे मिसळायचा हट्ट सोडावा लागतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. लॉनवर नऊ वाजलेत. तीन इंग्रजी-हिंदी रिमिक्स झालेत, मित्रमंडळी घामाघूम, आणि काठ विरळ होऊ लागलाय. उजव्या हाताला चार मावश्या खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसल्यात, त्यातल्या एकीने पदर खोचून ठेवलाय. डीजेने हे पाहिलं. चालू गाण्याचा टप्पा संपायला दहा सेकंद आहेत. कोळीगीत त्याने लावून ठेवलं, सुरुवातीचं लांबलचक संगीत टाळून थेट मुखड्याच्या अलीकडे. टप्प्याच्या शेवटच्या ठोक्यावर चालू गाण्याला प्रतिध्वनी देऊन त्याचा आवाज काढून घेतला. क्षणभर लॉन गप्प. नाचणारे चमकून टेबलाकडे बघतात. त्या शांततेत माईकवर दोन शब्द, आणि ढोलकी. मावश्या मैदानात! मित्रमंडळींना दम खायला उसंत मिळाली, पण ती लांब गेली नाहीत. आता मावश्यांभोवती टाळ्या वाजवत उभी आहेत. चार मात्रांतून सहा मात्रांत उडी मारताना पडलेला खड्डा कोणालाच खड्डा वाटला नाही. तोच क्षण लोकांना सगळ्यात जास्त आवडला.

थांबवण्यातली गंमत

तो क्षण का आवडला, याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासात काही अंशी सापडतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११मध्ये असं दाखवलं, की आवडत्या संगीताच्या परमोच्च क्षणी मेंदूत डोपामिन स्रवतं. तेवढंच नाही, तर त्या क्षणाची वाट बघत असतानाही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते स्रवत असतं. ‘आता येणार, आता येणार’ ही हुरहुर आनंदाचाच भाग आहे. क्लबमधला ‘ड्रॉप’ याच तत्त्वावर उभा असतो. आधी बेस काढून घ्यायचा, ठोके दाट करत न्यायचे, ताण वाढवायचा, आणि मग सगळं एकदम परत द्यायचं.

ताल किती अवघड असावा, यावरही अभ्यास झालाय. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना वेगवेगळे ड्रमचे ठेके ऐकवले. अगदी सरळसोट ठेक्यावर तितकं हलावंसं वाटलं नाही, फार गुंतागुंतीच्या ठेक्यावरही नाही. अपेक्षित जागा थोडीशी चुकवणारा, पण हातातून न सुटणारा मधला ठेका सगळ्यात जास्त नाचवतो. हेच गाण्यांच्या क्रमालाही लावून पाहता येतं. ओळखीचीच गाणी एकामागून एक लावली तर फ्लोअर कंटाळतो, सगळी नवी लावली तर बावरतो. म्हणून अनुभवी डीजे नवं गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवतो. आधीच्या गाण्याने आणलेले लोक नव्यावर टिकतात, आणि पाय मंदावायच्या आत पुढचं ओळखीचं येतं. आपल्याकडे एक गाणं दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त क्वचितच वाजतं, तेही यामुळेच. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, की पुढे. नाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, अजून थोडं हवं होतं.

यातूनच राखून ठेवण्याची शिस्त येते. ‘झिंगाट’ वाजणार हे सगळ्यांना माहीत असतं, डीजेला तर असतंच. साडेसातला, अर्धे पाहुणे वाटेत असताना ते वाजवलं, तर आठला त्याच्याकडे काय उरतं? हुकमाचं पान फ्लोअर भरलेला असताना टाकायचं. फ्लोअर भरण्यासाठी दुसरी पानं असतात.

फर्माईश आणि हट्ट

गर्दी वाचायची म्हणजे गर्दीचं सगळं ऐकायचं का? तसं नाही. न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गॅरेज’ क्लबचा लॅरी लेव्हन हा डीजे यासाठीच ओळखला जातो. १९८१मध्ये ताना गार्डनरचं ‘हार्टबीट’ हे गाणं आलं. त्या काळच्या नाचाच्या गाण्यांपेक्षा पुष्कळच संथ. लेव्हनने ते लावलं की लोक फ्लोअर सोडून जायचे. त्याने लावणं सोडलं नाही. पुन्हा पुन्हा लावलं, आणि थोड्याच दिवसांत तेच गाणं लागलं की लोक धावत येऊ लागले. त्याला हा हट्ट परवडला, कारण त्याची माणसं दर आठवड्याला तिथेच येत होती आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. लग्नातल्या डीजेकडे एकच संध्याकाळ असते. एखादं गाणं पडलं तर दुसऱ्या मुखड्याची वाट न बघता ते गुंडाळायचं.

गोव्यात गर्दीचं हे वाचन आणखी वेगळं होतं. १९८०च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत धूळ आणि उकाड्यापुढे रेकॉर्डी टिकत नसत. म्हणून गाणी कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजत. डॅटवर वेग जुळवायची सोय नव्हती. मग ठोके जुळवण्यापेक्षा कोणत्या प्रहराला काय, याला महत्त्व आलं. मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा गोवा गिल हा डीजे तासन् तास चालणाऱ्या सेटसाठी प्रसिद्ध झाला. अंधारात गडद, टोकदार संगीत, आणि उजाडताना मोकळं, हलकं. प्रहराप्रमाणे राग गाणाऱ्या देशात हे कोणाला समजावून सांगायला नको.

राहिली फर्माईश. ती घेऊन येणाऱ्याला वाटतं, आपण गाणं सांगतोय. डीजेला त्यातून माहिती मिळते. एकाच मुलाने चार वेळा मागितलेलं गाणं हा त्या मुलाचा हट्ट असतो. तीन वेगवेगळ्या घोळक्यांनी मागितलं, तर ती फ्लोअरची भूक. अशा वेळी नाही म्हणायचं नाही, लगेच लावायचंही नाही. ‘लावतो दादा, दोन गाण्यांनंतर’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. दोन गाण्यांत ते कुठे बसतंय ते बघायचं, आणि बसलं की मागणाऱ्याकडे बोट दाखवून लावायचं. तो माणूस मग दहा जणांना घेऊन नाचतो. काही फर्माइशी मात्र हसून टाळाव्याच लागतात. वरातीत एखाद्या चौकात वाद उकरून काढणारं गाणं लावायला सांगणारा कोणीतरी भेटतोच. तिथे ‘ते माझ्याकडे नाही, काका’ एवढं एक वाक्य अख्खी वरात वाचवतं.

दहाच्या आत

न्यूयॉर्कचे क्लब पहाटेपर्यंत चालायचे. आपल्याकडे लॉनवरच्या कार्यक्रमाचा आलेख कायद्याने आखलेला असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण लग्न त्यात बसेलच असं नाही. बंद हॉलला आतल्या आत मुभा असते.

याचा डीजेच्या कामावर थेट परिणाम होतो. पत्रिकेत सात लिहिलेलं असतं, पाहुणे आठला जमतात, सत्कार, भाषणं आणि घरच्यांचे बसवलेले नाच होईपर्यंत साडेआठ. साडेआठला जेवण उघडतं आणि फ्लोअर ओसरतो. जेवणाशी भांडण्यात अर्थ नसतो. त्या वीस-पंचवीस मिनिटांत सौम्य, गुणगुणता येतील अशी गाणी लावायची, म्हणजे मंडळी ताटावर असतानाच मनाने परत येऊ लागतात. खरा रंग भरायला उरतात सव्वानऊ ते पावणेदहा. राखलेली सगळी पानं या अर्ध्या तासात पडतात. शेवटच्या दहा मिनिटांत नवरा-नवरीभोवती सगळ्यांना आणणारं गाणं, आणि मग स्वतःहून बंद. पोलिसांनी येऊन बंद करायला लावलेल्या कार्यक्रमाची आठवण पोलिसांचीच राहते.

कायद्याच्या मागे कानांचा प्रश्नही आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वरातीतल्या बेसच्या भिंतीसमोर तिची आठवण काढणंही हास्यास्पद वाटतं. संगीताच्या ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. छातीत धडधड भरवणारा आवाज म्हणजेच मजा, असा समज आपल्याकडे पक्का झालाय. तो पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे बोलका आहे. खऱ्याखुऱ्या मैफिलीत त्यांनी अतिशय खालच्या, कानाला न जाणवणाऱ्या कंपनांचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. चालू असताना लोकांची हालचाल जवळपास १२ टक्क्यांनी वाढली, आणि स्पीकर कधी चालू होते हे त्यांना ओळखता आलं नाही. खालचा सूर अंगाला हलवतो हे खरं. पण त्यासाठी कान बधिर करायची गरज नाही, आणि कर्कश टॉप तर कोणालाच नाचवत नाहीत. मावश्या खुर्चीतून उठत नसतील तर आवाज वाढवून त्या उठणार नाहीत. त्या स्पीकरपासून आणखी लांब जाऊन बसतील.

म्हणून लग्नघराला सुचवण्यासारखं थोडंच आहे. स्पीकरची भिंत वडीलधाऱ्यांच्या खुर्च्यांसमोर नको. नाचायची जागा मोठी नको, जरा दाटीवाटीची हवी, कारण रिकाम्या फरशीवर पहिलं पाऊल टाकायला कोणी धजत नाही. जेवणाची टेबलं थोडी दूर. डीजेचं टेबल अशा ठिकाणी, जिथून त्याला स्टेजपेक्षा नाचणारे आणि खुर्च्या दिसतील. त्याला पाहुण्यांबद्दल दहा मिनिटं नीट सांगावं, हवीतच अशी पाच-सात गाणी आणि नकोतच अशी दोन-तीन लिहून द्यावीत. साठ गाण्यांची क्रमवार यादी देऊ नये. तशी यादी द्यायची असेल तर मोबाइल आणि स्पीकर पुरेसे आहेत, डीजेचे पैसे वाचवा.